कोठीतलं रेडिओ केंद्र

फोल्कमार पीच बर्फातले टायर आणायला म्हणून शहरात गेला आणि चार करडे डबे घेऊन परत आला.

झिग्रुन दारातच उभी होती. चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांना "आता कसं दिसतंय? आणि आता?" असं विचारून विचारून तिला सवयच लागली होती, आधी वस्तू नीट बघायची आणि मग बोलायचं. तिने गाडीच्या डिकीत वाकून बघितलं. विटेएवढे पत्र्याचे डबे. पुढे एकेक गोल बटण, मागे पितळी दातांची रांग, अंगावर पुसट झालेले आकडे.

"हे बर्फावर चालतील?" तिने विचारलं.

"अगं, जुनं रेडिओ केंद्र रिकामं करतायत. टायरवाल्याच्या शेजारचंच आवार. अंगणात ढीग घालून विकत होते. हे अ‍ॅम्प्लिफायर आहेत. निवेदक माइकपुढे बोलला की त्याचा आवाज यांच्यातून जायचा. आपण लहानपणी ज्या बातम्या ऐकल्या ना, त्या यांच्यातूनच आल्या असतील!"

"त्या तर सरकारी, सगळ्या खोट्या असायच्या."

"खोट्या असतील," फोल्कमार म्हणाला. "पण आवाज काय होता!"

टायरवाल्याला फोन करून झिग्रुन आत निघून गेली.

फोल्कमार रोटेनबाखमध्ये गाडी चालवायला शिकवत असे. गावातल्या निम्म्या लोकांना त्याच्याकडे शिकूनच परवाना मिळालेला. शिकवायच्या गाडीत मास्तरच्या पायाशी वेगळा ब्रेक असतो, आणि आयुष्यभर तो दाबून दाबून फोल्कमारचा उजवा पाय स्वतःच्या मर्जीने वागायला लागला होता. जेवणाच्या टेबलाशी कुणी वाढताना घाई केली तरी तो पाय खाली दाबला जायचा. चर्चमध्ये पाद्रीबुवा प्रवचनात भलत्या वळणाला लागले की पुढच्या बाकाला धक्का बसायचा. गाडीत त्याचं सगळे ऐकत. गाडीबाहेर कुणीच ऐकत नसे. मुलगी लग्न करून श्टुटगार्टला गेली होती, शेजारचा कुत्रा त्याच्याकडे बघून जांभई देत असे, आणि झिग्रुनचं काय सांगावं, ती ऐकून घ्यायची आणि मग तिला हवं ते करायची.

डबे मात्र ऐकायचे. बटण फिरवलं की आत कुठेतरी टक् असा जाड, समाधानी आवाज व्हायचा, आणि बटण जिथे ठेवलं तिथेच राहायचं. स्वस्तात करा असं ज्यांना आयुष्यात कुणी सांगितलं नव्हतं, अशा माणसांनी केलेली ती वस्तू होती. फोल्कमार संध्याकाळी टेबलावर डबा घेऊन बसायचा आणि नुसतं बटण फिरवायचा. टक्. टक्.

"तार तरी जोड कुठेतरी," झिग्रुन म्हणायची.

तारेचं त्याला काही कळत नव्हतं. ते कळायचं हार्टविगला. हार्टविग हा त्याचा शाळेपासूनचा मित्र, गावाच्या पाणीपुरवठ्यात वीजतंत्री. दोघांनी मिळून स्वयंपाकघराला लागून असलेली कोठीची खोली ताब्यात घेतली. आंबवलेल्या काकड्यांच्या बरण्या आणि आलुबुखारचा मुरंबा झिग्रुनच्या पलंगाखाली गेला. कोठीत लोखंडी चौकट उभी राहिली, आणि तिच्यात एकेक डबा कप्प्यात सरकवून बसवला गेला. फोल्कमार त्या आवाराकडे पुन्हा गेला, मग आणखी एकदा गेला, आणि डब्यांना भाऊबंद मिळत गेले. एक डबा जाड आवाज बारीक करायचा नि बारीक जाड. एक असा होता की माणूस माइकपुढे फार जोरात ओरडला तर तो आवाजाला आपोआप दाबून धरायचा.

"म्हणजे ब्रेक!" फोल्कमार आनंदाने ओरडला. "हार्टविग, यांच्याकडेही मास्तरचा ब्रेक होता!"

त्याचा सर्वांत लाडका डबा मात्र निवेदकाच्या टेबलावरचा होता. त्यावर एक पांढरं बटण होतं. निवेदकाला खोकला आला की त्याने ते दाबून धरायचं, तेवढ्यापुरता माइक मुका व्हायचा, आणि देशभरातल्या कुणाला काही कळायचं नाही. फोल्कमारला हे इतकं आवडलं की तो खोकला नसतानाही खोकू लागला.

"घोरण्यालाही असं बटण निघतं का बघ," झिग्रुन म्हणाली. "निघालं तर कितीला का मिळेना, घेऊन ये."

एवढं सगळं उभं राहिलं. चौकटीवर छोटे दिवे लागले, दोन मोठे स्पीकर भिंतीवर चढले, बैठकीच्या खोलीत माइक उभा राहिला, कोठीतून तिथे हुकूम सोडायला कळ दाबून बोलायचा एक जुना स्पीकरही बसला. आणि मग फोल्कमारच्या ध्यानात आलं की ध्वनिमुद्रण करायला आपल्याकडे काहीच नाही. त्याला वाद्य येत नव्हतं. गाता येत नव्हतं. भाषण करण्यासारखं मनात काही नव्हतं. लगाम होता, खोगीर होतं, घोडाच काय तो नव्हता.

मग त्याने वाहतुकीचे नियम वाचून मुद्रित केले. "डावीकडे वळताना समोरून येणाऱ्या वाहनास आधी वाट द्यावी." त्या डब्यांतून तो आवाज असा काही बाहेर आला की हार्टविगने टोपी काढली.

"वाट द्यावीशी वाटते रे," तो म्हणाला.

पण आवाजाखाली एक घूंऽऽ होती. मधमाशी बाटलीत अडकल्यासारखी. हार्टविगने तारा उलटसुलट केल्या, डब्यांना जमिनीशी जोडलं, जमिनीपासून तोडलं, घूं तशीच. अखेर एकदा झिग्रुन तळघरात गेली असताना ती एकाएकी थांबली. तळघरात, कोठीच्या बरोबर खाली, मांस नि भाज्या गोठवून ठेवायची मोठी पेटी होती. झिग्रुनने ती पुसायला म्हणून बंद केली होती.

तेव्हापासून ठरलं की काही मुद्रित करायचं असेल तर आधी पेटी बंद करायची आणि झालं की लगेच चालू करायची. या ठरावातला पहिला भाग फोल्कमारने निष्ठेने पाळला. ईस्टरच्या घंटा घेण्यासाठी त्याने माइक खिडकीबाहेर धरला, पेटी बंद केली, घंटा इतक्या सुरेख आल्या की त्याने त्या दिवसभर ऐकल्या. दुसऱ्या दिवशी झिग्रुन तळघरात गेली तर पायाखाली पाणी.

ती वर आली तेव्हा ओरडली नाही. फोल्कमारला त्याचीच जास्त भीती वाटली.

"हरणाचं मांस वितळलंय," ती म्हणाली. "शरद ऋतूत जंगलातून वेचलेली सगळी अळंबी. चेरी. तुझ्या मुलीसाठी ठेवलेलं बदक. आज सगळं शिजवायचं, आणि आजच खायचं. तू दारोदार जा आणि लोकांना बोलव. आणि का बोलावतोयस तेही सांग."

"तेही?"

"तेच आधी."

फोल्कमार दारोदार गेला. असलं निमंत्रण रोटेनबाखमध्ये कुणी नाकारणं शक्य नव्हतं. अंगणात टेबलं लागली, हरणाचा रस्सा, अळंबी, बटाट्याचे गोळे, आणि शेजारपाजारची माणसं येताना आपापली बिअर घेऊन आली. "घंटेने बदक मारलं म्हणे," असं म्हणत जो तो हात पुसायचा. फोल्कमार वाढत होता आणि हसून घेत होता. करणार काय!

त्या पंगतीत गावच्या पुरुष गायकमंडळातले बहुतेक जण होते. पोटभर जेवलेली आणि बिअर प्यायलेली माणसं एका टेबलाशी जमली की व्हायचं तेच झालं. कुणीतरी गुणगुणलं, दुसऱ्याने धरलं, आणि खाणकामगारांचं एक जुनं गाणं अंगणात उभं राहिलं. फोल्कमार रश्शाचं भांडं हातात धरून थिजला. झिग्रुनने ते त्याच्या हातून काढून घेतलं.

"हा घे तुझा घोडा," ती म्हणाली.

मंडळाला गाणं शिकवायच्या त्या एडेलट्राउट नोआकबाई. शाळेतून निवृत्त झालेल्या, काटकुळ्या, केस नेहमी पाठीमागे घट्ट बांधलेले. मंडळाचा मोठा वर्धापनदिन शरद ऋतूत येत होता आणि इतक्या वर्षांत मंडळाचं एकही धड ध्वनिमुद्रण झालेलं नव्हतं. फोल्कमारने आपल्या कोठीविषयी सांगितलं तेव्हा त्यांनी थोडा विचार केला.

"पीच, तुम्हाला संगीतातलं काय कळतं?"

"काही नाही, नोआकबाई. पण माझ्या डब्यांना कळतं."

"ठीक आहे," त्या म्हणाल्या. "डब्यांवर विश्वास ठेवते."

उन्हाळा सरता सरता एका शनिवारी दुपारी मंडळ पीचांच्या बैठकीत जमलं. सोफा बाहेर पायवाटेवर ठेवला होता. खिडक्यांवर पिसांच्या रजया टांगल्या होत्या. भिंतीवरचं घड्याळ थांबवलं होतं, शेजारच्या कुत्र्याला हाड देऊन फितवलं होतं, पेटी बंद होती आणि ती परत चालू करायची जबाबदारी या वेळी झिग्रुनने स्वतःकडे घेतली होती. गायक अर्धगोल करून उभे राहिले. डावीकडच्या टोकाला एरेनफ्रीड लोझे.

एरेनफ्रीड हा गावातला जुना छपरं शाकारणारा. ऐंशी ओलांडलेला, खांदे अजून दाराएवढे. एके काळी त्याचा खर्ज असा होता की चर्चच्या काचा थरथरायच्या, असं लोक सांगत. आता काचा थरथरत नव्हत्या, पण सूर ओघळायचा. पहिल्या कडव्याला ठीक, दुसऱ्याला जरा खाली, तिसऱ्याला तळघरात. आणि आवाज मोठा असल्यामुळे बाकीचे त्याच्यामागून खाली उतरायचे. मंडळात हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

पहिलं गाणं झालं. कोठीत फोल्कमार आणि हार्टविग एकमेकांकडे बघत राहिले. फोल्कमारने हुकमाची कळ दाबली.

"छान. फार छान. आता पुन्हा एकदा घेऊ," असं सांगून त्याने बोट उचललं.

कळ मात्र उचलली गेली नाही. तिच्या आतली स्प्रिंग थकलेली होती. बदलायला हवी, असं हार्टविग वसंत ऋतूपासून म्हणत होता.

"ऐकलंस ना?" फोल्कमार हार्टविगला म्हणाला. "हा एरेनफ्रीड म्हणजे उतारावर ब्रेक निकामी झालेला ट्रक आहे. स्वतः जातो तो जातो, मागच्यांनाही घेऊन जातो. त्याला पडद्यामागे उभा करू या. भिंतीकडे तोंड करून. म्हाताऱ्याला कळायचंही नाही, कान तर कधीच गेलेत."

"नोआकबाईंना विचारावं लागेल," हार्टविग म्हणाला.

"त्या काय करणार? त्या नुसते हात हलवतात वाहतूक पोलिसासारखे. बघतंय कोण त्यांच्याकडे!"

कोठीचं दार उघडलं. झिग्रुनच्या हातात पिठाने माखलेलं फडकं होतं.

"फोल्कमार," ती हळूच म्हणाली, "सगळे ऐकतायत."

फोल्कमारने झडप घालून खोकल्याचं पांढरं बटण दाबलं. बैल गेला आणि झोपा केला! ते बटण त्या स्पीकरला जोडलेलंसुद्धा नव्हतं.

तो बैठकीत आला तेव्हा कुणी त्याच्याकडे बघत नव्हतं. सगळे गालिच्याकडे बघत होते. हुकमाचा स्पीकर डाव्या कोपऱ्यात होता, एरेनफ्रीडच्या त्यातल्या त्यात धडक्या, डाव्या कानाच्या अगदी शेजारी. एरेनफ्रीडने शांतपणे खुंटीवरची टोपी काढली, डोक्यावर ठेवली.

"कान गेलेत, खरं आहे," तो म्हणाला. "पण हे मात्र स्वच्छ ऐकू आलं. चांगली मशीन आहे तुझी, फोल्कमार."

आणि तो गेला. पायवाटेवरच्या सोफ्याला वळसा घालून, सावकाश, ताठ.

नोआकबाईंनी वह्या गोळा केल्या. "मी वाहतूक पोलीस," त्या म्हणाल्या. "आज रस्ता बंद."

ओव्हनमधला आलुबुखारचा केक तसाच राहिला. पुरुष गायकमंडळ केक न खाता एखाद्या घरातून उठून गेलं, हे रोटेनबाखमध्ये पूर्वी कधी घडलेलं नव्हतं, आणि रविवारी चर्चबाहेर लोक फोल्कमारच्या शेऱ्यापेक्षा त्या केकबद्दल जास्त बोलले.

रविवारी दुपारी झिग्रुनने केक फडक्यात बांधला. "जा. चालत जा. गाडी नेऊ नकोस, गाडीत बसलास की तुला वाटतं तूच मास्तर."

"काय बोलू तिथे?"

"ते मला काय विचारतोस? काल तर विचारावं लागलं नव्हतं."

एरेनफ्रीड घरामागे सरपण रचत होता. फोल्कमार केक धरून उभा राहिला. एक ओळ रचून झाली, दुसरी सुरू झाली.

"लोझेसाहेब," फोल्कमार अखेर म्हणाला, "कालचं जे मी..."

"डावीकडे ये. उजव्या कानाने मी दगड आहे."

फोल्कमार डावीकडे आला. "माफी मागायला आलोय."

"कशाची? कान गेले म्हणालास. गेलेत. उतारावर जातो म्हणालास. जात असेन, मला कसं कळणार? मला बाकीचे ऐकूच येत नाहीत. नोआकचे हात दिसतात, तोंडं हलताना दिसतात. मग मी आठवणीवर गातो. होर्स्ट कसा गायचा, रुडी कसा गायचा, त्यांच्यासोबत धरतो."

"होर्स्ट आणि रुडी? ते तर..."

"दफनभूमीत आहेत, हो. मग सूर खाली जाणारच की रे!"

फोल्कमारला हसू फुटलं आणि हसावं की नाही हे कळेना. एरेनफ्रीड मात्र हसला नाही. त्याने हातातलं लाकूड थप्पीवर ठेवलं.

"ट्रक म्हण, काहीही म्हण. पण पडद्यामागे? मी जन्मभर छपरावर उभा होतो, माणसा. सबंध गावासमोर. भिंतीकडे तोंड करून मला शाळेतसुद्धा कुणी उभं केलं नाही."

फोल्कमारचा उजवा पाय जमिनीत रुतला. दाबायला काही नव्हतं. "चुकलं," तो म्हणाला. एवढंच जमलं.

"बरं," एरेनफ्रीड म्हणाला. "माफी नको, केक दे. आणि शुक्रवारी तालमीला ये. माझ्या डाव्या बाजूला उभं राहायचं आणि गायचं. खर्जाला माणसं कमी पडतायत."

"मला गाता येत नाही, लोझेसाहेब."

"मलाही येत नाही म्हणे. जोडी जमली. आणि साहेब-बिहेब पुरे. मंडळात गाणारे सगळे एकमेकांना तू म्हणतात. मला तू म्हण."

रोटेनबाखमध्ये वडील माणसाने दिलेलं 'तू' नाकारता येत नाही. फोल्कमार अडकला.

शुक्रवारी तो तालमीला उभा राहिला आणि पुढच्या प्रत्येक शुक्रवारी उभा राहिला. जो माणूस तीस वर्षं दुसऱ्यांना "थांब, आधी आरशात बघ" असं सांगत आला, तो स्वतः प्रत्येक ओळीला सगळ्यांच्या आधी निघायचा. "पीच, सिग्नल लाल आहे," नोआकबाई म्हणायच्या, आणि मंडळ खिदळायचं. ट्रकवाला शेरा ज्याच्या त्याच्या तोंडी होता. तो उशिरा आला तर "पंक्चर काय?" आणि उंच सुरावर चिरकला तर "गिअर बदल, गिअर!" तो घरी न्हाणीघरात सराव करायचा. झिग्रुन बाहेरून विचारायची, "नळ बिघडलाय का रे?"

आता प्रश्न उरला की फोल्कमार गाणाऱ्यांत उभा राहिला, तर कोठीत बसायचं कुणी? हार्टविगला तारा कळत होत्या, पण गाणं सुरू झालं की तो डुलक्या घ्यायचा.

"मी बसते," झिग्रुन म्हणाली.

"तुला त्यातलं..."

"डब्यांना कळतं ना? मग झालं तर."

तिने एका संध्याकाळी फोल्कमारकडून सगळी बटणं समजून घेतली, समजल्यावर त्याला बाहेर काढलं, आणि मग तासभर एकटीच एकेक बटण थोडं इकडे, थोडं तिकडे करत ऐकत बसली. बटण उगाच फिरवायचं नाही, फिरवलं तर काय बदललं ते ऐकायचं, ही गोष्ट इतक्या महिन्यांत फोल्कमारला सुचलेली नव्हती. हुकमाच्या कळीची स्प्रिंग तिने हार्टविगकडून त्याच दिवशी बदलून घेतली. आणि एरेनफ्रीडसाठी तिने एक लांब तार मागितली. "त्याला ऐकू येत नाही ना? मग कोठीत जे मला ऐकू येतं, ते त्याच्या कानात सोडा. एवढे डबे आहेत, एखादा त्याच्या कामी लावा."

शरद ऋतूतल्या त्या शनिवारी सोफा पुन्हा पायवाटेवर गेला, रजया पुन्हा चढल्या. एरेनफ्रीडच्या धडक्या कानावर हेडफोन बसवला होता. नोआकबाईंनी हात उचलला, मंडळ सुरू झालं, आणि एरेनफ्रीड गायलाच नाही. तोंड अर्धवट उघडं ठेवून तो नुसता उभा राहिला. फोल्कमारला आपल्या शेजारी मोठी पोकळी जाणवली आणि त्याचा आवाज त्या पोकळीत भेदरून बंद पडला.

"लोझेसाहेब," हुकमाच्या स्पीकरमधून झिग्रुन म्हणाली, "गाताय ना?"

"ऐकू दे की जरा!" म्हातारा खेकसला.

तर मंडळाने सबंध गाणं त्याला म्हणून दाखवलं, शेवटच्या कडव्यापर्यंत. एरेनफ्रीडने डोळे पुसले नाहीत की काही नाही. त्याने नाक शिंकरलं आणि म्हणाला, "हं. बरं गाता की. चला."

मग त्याने गायला सुरुवात केली, आणि पहिल्या ओळीतच चमकून थांबला. "हा रेकणारा कोण?"

फोल्कमारनेच अखेर सांगितलं. "तूच आहेस, एरेनफ्रीड."

"मी?" त्याने पुन्हा एक सूर लावला, ऐकला. "ट्रक म्हणालास? फारच सभ्य आहेस तू, फोल्कमार."

त्या दिवशी मंडळाने किती वेळा गायलं ते कुणी मोजलं नाही. मधूनमधून झिग्रुनचा आवाज यायचा. "पुन्हा. आता कसं वाटतंय? आणि आता?" तिच्या त्या आवाजासमोर वाद घालायचं कुणाच्या मनातही आलं नाही. एरेनफ्रीड तिसऱ्या कडव्याला तरीही थोडा ओघळायचा, पण आता त्याला ते कळायचं, आणि तो भुवया चढवून, लाकूड वर रेटल्यासारखा सूर परत वर ढकलायचा. काचा थरथरल्या की नाही ते रजयांमुळे समजलं नाही. केक या वेळी उरला नाही.

मुद्रण झालं, तबकड्या निघाल्या, वर्धापनदिनाला सभागृहात त्या वाजवल्या. आवाज असा होता की लोक खुर्चीत ताठ बसले. भारदस्त, ऊबदार, अगदी जुन्या रेडिओसारखा. फक्त दुसऱ्या गाण्यात एका ठिकाणी एक खर्ज सगळ्यांच्या आधी, एकटाच, मोठ्या आत्मविश्वासाने निघाला होता. फोल्कमारने तो काढून टाकण्यासाठी झिग्रुनच्या विनवण्या केल्या होत्या.

"काढता येतो," ती म्हणाली होती. "पण मंडळाने ठरवलंय, राहू द्यायचा."

सभागृहात ती जागा आली आणि निम्मं गाव फोल्कमारकडे वळलं. ज्यांना त्याने गाडी शिकवली होती ते सगळे. एकाने तोंडाने हॉर्नही वाजवला.

फोल्कमारने ते हसून साजरं केलं, पण मनाला लागलं. त्यानंतर तो तालमीला जायचा, एरेनफ्रीडच्या डाव्या बाजूला उभा राहायचा, तोंड उघडायचा, मिटायचा, आणि आवाज काढायचा नाही. त्याचं आधी निघणं थांबलं म्हणून नोआकबाईंनी त्याला शाबासकीही दिली. तो आता बराच सुधारला आहे, असं मंडळात सगळ्यांचं मत झालं. हार्टविगलाही त्याने खरं सांगितलं नाही.

दरम्यान एरेनफ्रीड झिग्रुनच्या चष्म्याच्या दुकानात गेला. तिथेच कानाची यंत्रंही मिळतात, आणि त्याची मुलगी गेली कित्येक वर्षं त्याच्या मागे लागली होती; पण यंत्र शिट्टी मारतं, म्हाताऱ्यांची गोष्ट आहे ती, असं म्हणून त्याने एक जुनं यंत्र खणात टाकून दिलं होतं. हेडफोन लावल्यापासून त्याला चैन पडेना. झिग्रुनने त्याला खुर्चीत बसवलं, दोन्ही कानांना माप घेऊन नवी यंत्रं बसवून दिली.

हिवाळ्यातल्या एका शुक्रवारी तो ती लावून तालमीला आला. कुणाला सांगितलं नाही. आपल्या जागी उभा राहिला आणि पहिलं गाणं गाता गाता मान हळूहळू डावीकडे झुकवत गेला. फोल्कमारच्या तोंडापाशी कान आणून थांबला. गाणं संपलं.

"नोआक," एरेनफ्रीड म्हणाला, "हा गात नाही. हा नुसता जबडा हलवतोय. गायीसारखा."

मंडळ फोल्कमारकडे वळलं. त्याचे कान लाल झाले.

"कधीपासून?" नोआकबाईंनी विचारलं.

"वर्धापनदिनापासून," फोल्कमार म्हणाला.

"आणि मी शाबासकी दिली ती?"

मागच्या ओळीत कुणीतरी फुसकन हसलं, मग आणखी कुणीतरी. नोआकबाईंनी ओठ घट्ट मिटले होते, पण खांदे हलत होते. त्यांनी वही मागच्या पानावर उलटली.

"बाकीचे बसा," त्या म्हणाल्या. "पीच, उभे राहा. खर्ज, पहिली ओळ. एकटे."

फोल्कमार गायला. बाहेर बर्फ पडत होता आणि खोलीत दुसरा आवाज नव्हता. एरेनफ्रीडने डोळे मिटून, दोन्ही कान त्याच्याकडे लावून, ओळ शेवटपर्यंत ऐकून घेतली.

"वाईट आहे," तो म्हणाला. "पण आहे. पुन्हा म्हण."